खाडीतली खुर्ची

दाजी केळशीकर कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी मागल्या दारी जात. यजमान ओटीवर पानाचं तबक घेऊन उभा, आणि हे विहिरीवर वाकून दोर चाचपताहेत. मग पुढे येऊन बसत, पान घेत आणि अगदी सहज विचारत, "हा दोर तुटायला आला तर घरात पहिलं कोणाला कळेल?" यजमान म्हणे, पाणी काढणाऱ्या सुनेला. "आणि मग ती काय करू शकेल?" इथं बहुतेक यजमान पानाला चुना लावण्यात गुंतून जात. सून सासूला सांगणार, सासू योग्य वेळ बघून यजमानाला सांगणार आणि यजमान विसरणार, हे सगळ्यांना माहीत असे. दाजी मग आंब्याच्या मोहोराकडे विषय वळवत. पण पुढल्या बाजाराला त्या घरात नवा दोर येई. माझ्या घरी आला, म्हणून सांगतो.

हे दोन प्रश्न म्हणजे दाजींची सारी विद्या. चुकलं तर पहिलं कोणाला कळेल, आणि ज्याला कळेल त्याला काय करता येईल? त्यांची उभी हयात मुंबईला सरकारी कचेरीत गेली होती. ट्राम, विजेचे दिवे, नळाचं पाणी, आगबोटी, खाड्यांवरच्या उतारू नेणाऱ्या होड्या, जे जे म्हणून लोकांना रोज लागतं आणि कोणातरी कंपनीच्या किंवा मक्तेदाराच्या हातात असतं, त्यावर सरकारचे इन्स्पेक्टर नेमलेले असत. ते तपासणी करून अहवाल पाठवत. दाजींचं काम ते अहवाल वाचून सरकारला सांगायचं, की बाबा, तुझं हे नियम करणं आणि तपासणं खरोखर उपयोगी पडतं आहे की नुसतं चाललं आहे. थोडक्यात, नजर ठेवणाऱ्यांवर नजर. हे काम करणारा माणूस कचेरीत कोणाला आवडणार? "'सर्व ठीक आहे' हे एकच वाक्य वाचून वाचून मला चाळशी लागली," असं ते हसत सांगत. त्यांचा आवाज बारीक होता, अंगकाठी त्याहून बारीक. काखेत छत्री असे, पण ती उघडलेली मी क्वचित पाहिली.

पेन्शन घेतल्यावर केळशीला भाऊबंदांच्या बागायतीच्या तंट्यात पडायला नको म्हणून त्यांनी रत्नागिरीत घर केलं. मुंबईचा अनुभवी माणूस म्हणून सरकारनं त्यांना आमच्या जिल्हा लोकल बोर्डावर सभासद नेमलं. त्या बोर्डाच्या कचेरीत मी कारकून होतो. गावात मोटारी नुकत्याच दिसू लागल्या होत्या आणि वीज अजून यायची होती. नवे सभासद पहिल्या सभेत भाषण करतात. दाजींनी भाषण केलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, लोकांच्या तक्रारी कुठं येतात? अध्यक्ष अभिमानानं म्हणाले, आमच्याकडे तक्रारी येतच नाहीत. दाजी म्हणाले, "म्हणजे तक्रार करायची सोय नाही." अध्यक्षांनी त्या दिवसापासून त्यांच्याकडे सरळ बघणं सोडलं.

गावातल्या दिव्यांची गोष्ट त्याच सुमाराची. रस्त्यावर रॉकेलचे दिवे होते आणि ते लावायचा मक्ता दिलेला होता. मक्त्यात अट अशी, की शुद्ध पक्षात चांदणं असतं म्हणून दिवे लावायचे नाहीत. ते पंचांग बघून ठरे. आता आषाढ-श्रावणात आमच्याकडे पंधरा-पंधरा दिवस आभाळ फाटलेलं असतं, चंद्र कुठला दिसायला? पण पंचांगात चांदणं, म्हणून गाव अंधारात. तपासणी करणाराही पंचांग बघूनच बरोबरची खूण करी. दाजींनी अर्ज केला नाही की वर्तमानपत्रात लिहिलं नाही. त्यांनी नगरपालिकेच्या मुख्य गृहस्थांना श्रावणातल्या एका शुद्ध दशमीला घरी जेवायला बोलावलं. माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, नारळीभात केला होता. जेवण झालं, सुपारी झाली, बाहेर पाऊस कोसळत होता आणि डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. पाहुण्यांनी कंदील मागितला. दाजी नम्रपणे म्हणाले, कंदील कशाला, पंचांगाप्रमाणे बाहेर टिपूर चांदणं आहे. त्या भल्या माणसाला शेवटी दगडी गडग्याला हात लावत लावत घरी जावं लागलं. माई दाजींवर चिडल्या, पण पुढच्या पावसाळ्यापासून पंचांग बाजूला पडलं आणि दिवे लागू लागले.

मोटारीचंही तसंच. राजापूरच्या मोटारीवर किती उतारू घ्यायचे ते रंगवून लिहिलेलं असे आणि वाटेत चौकीवर शिपाई मोजून घेई. म्हणून चौकी यायच्या आधी जास्तीचे उतारू खाली उतरत, चौकीवरून पायी पुढं जात आणि वळणापलीकडे पुन्हा चढत. शिपायाला हे दिसे, पण त्याला मोटारीतली माणसं मोजायला सांगितलं होतं, रस्त्यावरची नाही. दाजी त्या मंडळींबरोबर मुद्दाम उतरून चालले, शिपायाला रामराम केला आणि पलीकडे चढले. परत आल्यावर मी विचारलं, त्या शिपायाची तक्रार करणार का? ते म्हणाले, त्यानं सांगितलेलं काम चोख केलंय, चूक सांगणाऱ्याची आहे. आपल्या रागाचा पत्ता ते फार जपून लिहीत.

माईंचं मत मात्र निराळं होतं. त्या मला म्हणायच्या, "अहो, जगाची तपासणी करतात, आणि आमटीत मीठ नाही तरी घरात न बघता सही करतात." दाजी यावर मान डोलवत. ते खरंच होतं.

आता खाडीची गोष्ट सांगतो. गावाच्या दक्षिणेला खाडी आहे आणि तेव्हा तिच्यावर पूल नव्हता. पलीकडच्या गावांना बाजार, कोर्ट, दवाखाना, सगळ्यासाठी तरीनंच यावं लागे. तर म्हणजे उतारू नेणारी होडी. तिचा लिलाव आमचं बोर्ड करी आणि जो जास्त बोली बोलेल त्या मक्तेदाराला ती मिळे. होडीत किती माणसं घ्यायची याचा नियम होता. किनाऱ्यावरच्या झोपडीत त्याची पाटी होती, ती इंग्रजीत. होडी चालवायला मक्तेदार शेठनं धाकू नावाचा तांडेल पगारावर ठेवला होता. एका बाजारच्या दिवशी ओहोटीच्या ओढीत, खाडीच्या मुखाजवळ, होडीत पाणी शिरलं. नशिबानं पुळणीजवळ होती म्हणून माणसं छातीभर पाण्यात उभी राहिली. पारू नावाच्या कोळणीची लेक मात्र ओढीबरोबर चालली होती, तिला धाकूनंच उडी घालून केसाला धरून वर काढलं. ती वाचली. पण गावात बोभाटा झाला.

शेठनं दुसऱ्याच दिवशी बोर्डाला लिहून दिलं की तांडेल प्यालेला होता, त्यानं नियम मोडून जास्त माणसं घेतली. अध्यक्षांना ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. धाकूचा परवाना काढून घेतला की नियमही शाबूत, बोर्डही शाबूत. धाकूला तीन पोरी, आणि परवाना गेलेल्या तांडेलाला मिरकरवाड्याच्या कोळीवस्तीत कोणी मासेमारीच्या मचव्यावर घेत नाही. फक्त चौकशीचा देखावा हवा होता म्हणून ती दाजींकडे दिली आणि लिहायला मला दिलं. निकाल लागेपर्यंत धाकूनं काम करावं असं ठरलं.

पहिल्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो, तो काय? दाजींची पगडी लांबून दिसताच होडीत बसलेली माणसं भराभर उतरली. साहेब माणूस आला की बाकीच्यांनी उतरायचं, ही तिथली रीत. झोपडीतून एक सागवानी, हातांची, वेताची खुर्ची आली. ती होडीच्या मधोमध ठेवली. दाजी खुर्चीत, मी त्यांच्या पायाशी, बाकी होडी रिकामी. वर आणखी एक होडी, रंगवलेली, बाजूला तयार. आम्ही पलीकडे गेलो आणि परत आलो. खाडी आरशासारखी होती, वारा गोड होता. खरं सांगतो, मलासुद्धा सगळं ठीक आहे असं वाटलं.

दाजी उतरले आणि छत्री वाळूत रोवून बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "आजवर जो जो तपासणीला आला तो यातच बसून गेला. माणसांनी भरलेली होडी कोणीच पाहिलेली नाही."

मला वाटलं, आता हे वेष पालटून येणार. पण दाजींना असल्या नाटकांचा कंटाळा होता. शिवाय अख्खा गाव त्यांना त्यांच्या चालीवरून ओळखे. त्यांनी धरलेली वाट त्यांच्यासारखीच साधी आणि चिवट होती. "मानाला फार दम नसतो," ते म्हणाले. "आपण रोज येऊ. लोक माझ्याकडे दुर्लक्ष करायला लागेपर्यंत मी एक ओळ लिहिणार नाही."

आणि आम्ही रोज खाडी ओलांडू लागलो, सकाळी जायचं आणि दुपारी यायचं. काम काही नाही. पलीकडे सुरूच्या सावलीत बसून दाजी शेंगदाणे खात आणि मी बोर्डाच्या पगारात जांभया देई. पहिले काही दिवस माणसं उतरत राहिली, खुर्ची येत राहिली. मग कोणीतरी बाजाराला उशीर होतो म्हणून कुरकुरलं. एक म्हातारा उतरलाच नाही, म्हणाला माझे गुडघे दुखतात. त्याचं बघून दुसरे बसून राहू लागले. मग खुर्ची लोकांच्या पायात येऊ लागली. एके दिवशी ती आणायला कोणी उठलंच नाही आणि दाजी फळीवर, दोन कोळणींच्या मध्ये, छत्री गुडघ्यांत धरून बसले. त्यांचा चेहरा लग्नातल्या वरमाईसारखा फुलला होता. त्यानंतर लवकरच पारूनं सुक्या बांगड्यांची टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "दाजी, जरा धरा, मी पोरीला घेताव." दाजींनी ती पलीकडे जाईपर्यंत धरली. मला वासानं गरगरत होतं. उतरल्यावर ते म्हणाले, आता लिहायला घ्या.

तोवर ती रंगवलेली दुसरी होडीही नाहीशी झाली होती. मक्त्याच्या अटीप्रमाणे तरीवर दोन होड्या हव्यात. दाजींनी धाकूला विचारलं, दुसरी कुठं गेली? धाकूला हसू आवरेना. "ती तपासणीची होडी. तपासणी असली की येते. तुमी रोज याया लागल्याव, मंग शेठला परवडंना." एरवी ती आगबोटीवर आंब्याच्या पेट्या पोचवायला जाई, असं कळलं.

मग बाजारचा दिवस आला. होडी भरली, तरी किनाऱ्यावरून शेठचा माणूस ढकलून ढकलून आणखी चढवत होता. पाणी काठाशी आलं. धाकू एकदा नको म्हणाला, माणसानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि धाकूनं वल्हं उचललं. मुखाजवळ लाट आत आली तेव्हा मी दोन्ही हातांनी फळी धरली. दाजींचं धोतर भिजलं, त्यांनी एका हातानं पारूच्या पोरीचा दंड धरला होता. तो त्यांनी पलीकडे वाळू लागेपर्यंत सोडला नाही. उतरल्यावर त्यांनी धाकूला बाजूला घेऊन विचारलं, इतकी माणसं का घेतोस? धाकू खाली बघून म्हणाला, "मी घेत नाय. ती चढवतात. मी नको बोललो तर तुज्या जागी दुसरा बसवताव बोलतात. पाणी वर येताना मला पयलं दिसता, दाजी. दिसून करू काय?" दाजींच्या दोन प्रश्नांची दोन्ही उत्तरं त्यानं न विचारता दिली होती.

बोर्डाच्या सभेला दाजींनी ती खुर्ची गाडीत घालून आणवली आणि अध्यक्षांना आग्रह करून तिच्यावर बसवलं. शेठही एका बाजूला येऊन बसले होते. दाजींनी विचारलं, "इथून काय दिसतं?" अध्यक्ष वैतागून म्हणाले, काय दिसायचंय? दाजी म्हणाले, "तेच. आपला कोणीही इन्स्पेक्टर याहून वेगळ्या जागी बसलेला नाही." मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. जास्त बोलीचा पैसा आपण घेतो, तो शेठ जास्त माणसं भरून काढतात, दुसरी होडी आपण गेलो तरच दिसते, आणि हे सगळं होऊन वर आपणच नियम पाळला जातो म्हणून सही करतो. शेवटी ते म्हणाले, "ज्याला कळतं त्याच्या हातात काही नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांना कळायची सोय नाही. यात परवाना काढून घ्यायचाच असेल तर तो आपला घ्यावा लागेल, धाकूचा नव्हे." मी सभेचं टिपण लिहीत होतो, पण त्या वाक्याला माझा टाक थांबला. असा माणूस आपल्या गावात राहतो याचा मला फार अभिमान वाटला.

धाकू राहिला. दाजींनी सुचवलेला उपाय इतका साधा होता की अध्यक्षांना त्यात काही नाकारण्याजोगं सापडेना. होडीच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याच्या वर, चुन्याचा पांढरा पट्टा ओढायचा. पट्टा पाण्यात गेला की होडी सोडायची नाही. तांडेलानं नाही म्हटलं तर ते बोर्डानं म्हटलं असं समजायचं. पट्टा होडीत बसलेल्यांना दिसत नाही, पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांना दिसतो, म्हणून त्यांनी ओरडायचं. वाचता येणाऱ्यांसाठी पाटी होतीच, आता बघता येणाऱ्यांसाठी पट्टा झाला. दुसरी होडी किनाऱ्यावर कायमची बांधली. पुढल्या लिलावात बोली उतरली आणि काही सभासद दोन वर्षं दाजींच्या नावानं बोटं मोडत होते.

पण मला त्यांची खरी ओळख पटली ती नंतर. पावसाळ्यानंतर होड्यांना तेलपाणी झालं, आणि बाजारच्या दिवशी पारूनं किनाऱ्यावरून आरडाओरडा केला की पट्टा वर चढला. खरंच, रंगवताना कोणीतरी तो वीतभर वर ओढला होता, म्हणजे होडी जास्त भरली तरी तो बुडणार नव्हता. मी धावत दाजींकडे गेलो, मला वाटलं बिचारे खचतील. त्यांनी बातमी ऐकली आणि चक्क टाळी दिली. "चुकलं, आणि कळलं! कोणाला कळलं? पारूला. आणि तिला काय करता आलं? ओरडता आलं. अहो, म्हणजे चाललंय!" माईंना त्यांनी शिरा करायला लावला. नियम मोडला म्हणून गोड खाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पट्टा त्याच संध्याकाळी खाली आला.

दाजी पुढं काही वर्षं होते. सभासदत्व संपलं, तरी बाजारच्या दिवशी खाडीवर फेरी मारायची सवय गेली नाही. खुर्ची पुन्हा त्या झोपडीत पडली होती आणि तिच्यावर धाकूचं जाळं वाळत असे.

शेवटचं मी त्यांना तिथंच पाहिलं. पलीकडच्या गावात त्यांच्या एका स्नेह्याच्या मुलीचं लग्न होतं, मुहूर्त दुपारचा होता. मी आधी येऊन होडीत बसलो होतो. दाजी जरीकाठी उपरणं घालून सावकाश आले. दम लागत होता, छत्रीचा आता काठी म्हणून उपयोग होत होता. धाकूनं हात दिला आणि ते चढून फळीवर बसले. ते शेवटचे चढलेले. त्याच क्षणी किनाऱ्यावरून पारूचा आवाज आला, "धाकू, पट्टा बुडाला. एक उतरव."

होडीत कोणी हललं नाही. धाकूनं पाण्याकडे बघितलं, मग दाजींकडे. त्याचे केस पिकले होते. तो म्हणाला, "दाजी, तुमी मागनं चढल्याव. तुमी उतरा. मागल्या होडीनं या."

मी लगेच उठलो. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "तुम्ही आधी आलात," ते म्हणाले, "बसा." मुहूर्त चुकेल, मी म्हणालो. त्यांना ते ऐकूच आलं नसावं. ते धाकूचा हात धरून, धोतर सावरत, पाण्यात उतरले आणि वाळूवर गेले. धाकूनं विचारलं, खुर्ची काढू काय? त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

वल्ही पडली. होडी लांब गेली तशी मी मागं वळून बघितलं. दाजी पारूच्या मागं, रांगेत, धोतर गुडघ्यांपर्यंत भिजलेलं, वाकून आमच्या होडीचा पट्टा बघत होते. तो पाण्याच्या वर आलेला त्यांना दिसला असावा. त्यांनी छत्री वर केली आणि आम्हांला जायची खूण केली.